भुसावळात स्वेटर

सुपडू अत्तरदे यांच्यामागे
मी अकरा वर्षं एकॉर्डियन वाजवलं.
पडद्यावर माझा फक्त डावा कोपर यायचा.
आई तेवढ्यावर ओळखायची.

आधीची दोन गेली म्हणून
जन्मल्याबरोबर सुपात लोळवलेला हा माणूस
पार्सल ऑफिसात केळीच्या वॅगनी मोजायचा,
मोजता मोजता गुणगुणायचा.
हमाल म्हणायचे, भाऊ, जरा जोरात म्हणा.
भाऊ म्हणायचे, जोरात तर इंजिनही म्हणतं.

आवाज काही मोठा नव्हता.
उन्हाळ्यात दुपारी दोनला
सगळी गल्ली गपगार पडलेली असताना
कुणी माठ हळूच तिरका करावा,
तेवढा.

टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं तेव्हा
भुसावळात पंचेचाळीस होतं,
आणि मुंबईच्या स्टुडिओत हिमालय.
पहिल्याच अंतऱ्याला भाऊंचे दात वाजले.
लोकांना वाटलं, मुरकी.
कौतिककाकू म्हणाल्या,
‘तुमाले गायाले बलावलं का बरफात ठेवाले?’
आणि भरताच्या वांग्यासारखा फिकट हिरवा
स्वेटर विणून दिला, वैशाखात,
घाम पुसत पुसत, एक बाही जरा लांब.

गुडघे वॅगनी चढून गेलेले,
म्हणून बसून गायचे.
खुर्चीही ऑफिसातली, मोडीत निघालेली,
एक पाय आखूड.
ती आपोआप डुलायची,
आणि तबलजी म्हणायचा, माझं अर्धं काम ती करते.

बुधवार, रात्री साडेआठ.
भाऊ मधेच गाणं थांबवून
पाचोऱ्याच्या मामाची गोष्ट सांगत,
गोष्ट संपायच्या आत पुन्हा गाण्यात शिरत.
मामाचं पुढं काय झालं
हे महाराष्ट्राला अजून कळलेलं नाही.

मग पोस्टमन स्वेटर आणू लागला.
साताऱ्याहून, चिपळूणहून, अचलपूरहून,
ज्यांनी भाऊंना कधी पाहिलं नव्हतं
त्यांनी खांद्याचं माप अंदाजानं धरलेलं.
एका मास्तरांनी लिहिलं:
आपलं गाणं ऐकताना मला झोप लागते,
कृपया गैरसमज नसावा.
ते पत्र भाऊंनी काचेत लावलं,
ताम्रपटाच्या जागी.

नवा साहेब आला. त्याला धूर हवा होता, दिवे हवे होते.
म्हणाला, उभं राहून गा, थोडं हला.
भाऊ म्हणाले, हलतोय की. खुर्ची बघा ना.
पुढच्या बुधवारी बातम्या लागल्या.

परत येताना मनमाडला भजी घेतली.
मी विचारलं, वाईट वाटलं का?
ते म्हणाले, गार आहेत.
भज्यांबद्दल म्हणाले असावेत.

पुढं काही खास नाही.
दवाखान्यांची उद्घाटनं, समाजाचे वधूवर मेळावे,
एक शाल, एक नारळ, दोन गाणी,
जेवायला शेवभाजी.
एखादी बाई पोराला पुढं ढकलायची:
पाया पड, हे ते. पोरगं विचारायचं, कोण ते?
भाऊ त्याला म्हणायचे, मलाही नीट माहीत नाही.

घरात ट्रंकेत त्रेचाळीस स्वेटर, डांबराच्या गोळ्या,
आणि बाहेर भुसावळ.
एका पौषात काकूंनी जीप मागवली.
यावलच्या वर, सातपुड्यात, एक निवासी शाळा आहे,
तिथं पहाटे पोरांच्या तोंडातून वाफा निघतात.
पावरा पोरं, तडवी पोरं, रांगेत उभी,
मोठ्या माणसाच्या मापात बुडालेली,
बाह्या गुडघ्यापर्यंत.
हिरवा तेवढा काकूंनी ठेवून घेतला.

एकानं विचारलं, बाबा, तू काय काम करतो?
भाऊ म्हणाले, मी बसतो.
आणि बसले. शाळेची खुर्ची चार पायांची होती,
भाऊंनी तिलाही डुलवलं.

दुसऱ्या कडव्याला शेवटच्या रांगेतली एक पोर
चिपळूणच्या लोकरीत तोंड खुपसून झोपली.
भाऊंनी माझ्याकडे पाहत ओठावर बोट ठेवलं.

भाता अर्धा उघडा होता.
मिटला तर सुस्कारतो.
तसाच धरून ठेवला.